दोन व्याही, दोन हुक

"हाक मारली की वर येईल," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी चहात बिस्किट बुडवलं. "माझ्या लेकीनं बांधलंय ते. घरचं कुत्रं कसं नाव घेतलं की शेपूट हलवत येतं, तसं येणार. तुम्ही फक्त इंजिन बंद करा, कप्तानबाई, आणि बघत राहा."

बिस्किटाचा भिजलेला अर्धा भाग तुटून चहात पडला. कप्तानबाईंनी तो बुडेपर्यंत पाहिला.

"इंजिन बंद नाही करणार," त्या म्हणाल्या. जेवणाच्या खोलीतल्या पडद्यावर उपग्रहानं पाठवलेलं चित्र होतं. त्यातल्या पांढऱ्या भागावर त्यांनी बोट ठेवलं. "हा बर्फ पहाटे इथं होता. आता इथं आहे. आपण या मधल्या काळ्या ठिपक्यात आहोत. वारा असाच राहिला तर संध्याकाळपर्यंत ठिपका मिटेल. त्याच्या आत तुमचं कुत्रं आलं तर आलं, नाहीतर मी निघणार. माझं जहाज अडकलं तर हाक मारून सुटत नाही."

"संध्याकाळ कशाला? जेवायच्या आत आटपतो."

पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी घसा खाकरला. डॉक्टरांनी मान वळवली नाही. असा मुद्दाम, सावकाश, दोन तुकड्यांत घसा खाकरणारा माणूस जहाजावर एकच होता, आणि तो त्यांचा व्याही होता.

मोहीम तीन देशांची होती. जहाज कप्तानबाईंच्या देशाचं. बाकीच्या दोन देशांपैकी एकाच्या तुकडीचे प्रमुख डॉक्टर, दुसऱ्याच्या तुकडीचे प्रमुख व्याही. ध्रुवीय समुद्राच्या अभ्यासात या दोन देशांनी मिळून आजवर निर्विवादपणे पार पाडलेली गोष्ट एकच होती, ती म्हणजे डॉक्टरांची लेक आणि व्याह्यांचा मुलगा यांचं लग्न. बाकी सगळं अजून चर्चेत होतं.

लेकीला घरात सगळे ताई म्हणत, डॉक्टरसुद्धा. समुद्रतळावर बसलेलं ते यंत्र ताईचं. रचना अगदी साधी. तळाशी वजनाला आगगाडीचं जुनं लोखंडी चाक. चाकाला हुक. हुकाच्या वर लांबच लांब दोर, दोराला पाण्याची ऊब, खारटपणा आणि प्रवाह मोजणारी यंत्रं, आणि सगळ्यात वर दोर ताणून धरणारा मोठा पिवळा चेंडू. जहाजावरून ठरलेला आवाज पाण्यात सोडायचा, तो ऐकून हुक उघडतो, चाक तळाशी राहतं आणि चेंडू बाकीचा सगळा संसार घेऊन वर येतो. दोन हिवाळे हे यंत्र बर्फाखालच्या अंधारात एकटं बसून मोजत होतं. ताईची पीएचडी म्हणजे तिथलेच आकडे. विद्यापीठानं तिला दोनदा मुदत वाढवून दिली होती आणि तिसऱ्यांदा हात जोडले होते. पुढल्या वर्षी इथं जहाज येणार नव्हतं. आणि ताईला नववा महिना लागला होता, त्यामुळे ती स्वतः येऊ शकली नव्हती.

"बाबा, मला दुसरं काही नको," धक्क्यावर निरोप द्यायला आली तेव्हा ती म्हणाली होती. "माझा पिवळा चेंडू तेवढा घेऊन या."

"आणला समज," डॉक्टर म्हणाले होते.

आता हुकाचं सांगायला हवं, कारण घोडं तिथंच अडलं.

ताईनं आराखड्यात दोन हुक काढले होते, एकाखाली एक, साखळीच्या कड्यांसारखे. दोन्ही देशांचा एकेक. कुठलाही एक उघडला तरी काम फत्ते. एक बिघडला तर दुसरा आहेच. आराखडा सहकार्य समितीपुढे गेला. समितीनं तो उभा धरला, आडवा धरला आणि एका बाजूनं विचारलं, "आमचा हुक खाली का?"

"कोणाचा तरी खाली येणारच," ताई म्हणाली.

"म्हणजे यांच्या हुकाच्या पायाशी आमचा हुक?" व्याही म्हणाले. तेव्हा ते व्याही झालेले नव्हते, नुसतेच समोरच्या देशाचे होते.

"मग आमचा खाली ठेवायचा काय?" डॉक्टर उसळले.

बरीच खडाजंगी होऊन शेवटी तोडगा निघाला. हुक शेजारी शेजारी. दोघांनी चाक आपापल्या साखळीनं धरायचं, दोघांचा दर्जा समान. टाळ्या वाजल्या. डॉक्टरांनी आणि समोरच्यांनी एकाच पेनानं सह्या केल्या आणि मिठी मारली. ताई मात्र कागदाकडे बघत राहिली.

"बाबा, आता दोन्ही उघडले तरच ते सुटणार. एक जरी अडला तरी संपलं."

"अगं, यंत्र तुझं, पण सहकार्य मोठ्यांचं असतं," डॉक्टर म्हणाले होते.

तर अशी दोन हुकांची जोडी खाली चाक धरून बसली होती, आणि वर डेकवर दोन पेट्या मांडल्या होत्या. प्रत्येक पेटीला लांब वायर, वायरीच्या टोकाला पाण्यात सोडायचा भोंगा. डॉक्टरांची पेटी डॉक्टरांच्या हुकाशीच बोले, व्याह्यांची व्याह्यांच्या.

"चला, मी सुरू करतो," डॉक्टर पेटीपुढे बसत म्हणाले.

"का बरं?" व्याही म्हणाले.

"का म्हणजे? यंत्र माझ्या लेकीचं आहे."

"आता ती आमची सून आहे."

"आधी लेक होती."

"असेल. पण लग्नात मुलाकडच्यांना काय मान मिळाला ते आम्ही विसरलेलो नाही. फोटोत मी अर्धा आलोय, डॉक्टर. अर्धा! एक कान आणि एक खांदा. माझ्या बायकोनं तो फोटो भिंतीवर लावलाय, पाहुण्यांना माझा कान दाखवते."

डेकवरची कामं बघणारा तांडेल हातमोजे चोळत उभा होता. त्याच्या मागे, दूरवर, बर्फाची कड दिसत होती. सकाळी ती रेघेसारखी होती, आता तिला जाडी आली होती.

"नाणं उडवा आणि मोकळे व्हा," कप्तानबाई वरून ओरडल्या.

नाणं कोणाच्या देशाचं, यावर थोडा वेळ गेला. शेवटी तांडेलानं खिशातून बिस्किट काढलं. नक्षीची बाजू डॉक्टरांची, सपाट बाजू व्याह्यांची. त्यानं ते उंच उडवलं. बराच वेळ जहाजावर घिरट्या घालणारा एक मोठा समुद्रपक्षी खाली झेपावला आणि बिस्किट घेऊन निघून गेला.

सगळे वर बघत राहिले.

"नक्षीची बाजू वर होती," डॉक्टर म्हणाले.

"चोचीत होती," व्याही म्हणाले.

मग पुन्हा तोडगा निघाला. या दोघांचे तोडगे कसे असतात हे आपण पाहिलंच आहे. दोघांनी एकदम हाक मारायची. तांडेल शिट्टी वाजवेल, शिट्टी वाजली की दोन बोटं दोन बटणांवर एकाच क्षणी. कोणी आधी नाही, कोणी मागे नाही.

शिट्टी वाजली. बटणं दाबली गेली. पाण्याखाली दोन भोंगे कोकलले. हुक उघडला की पेटीवर टिकटिक असा जबाब येतो. दोघं पेट्यांवर कान लावून बसले.

काहीच आलं नाही.

"पुन्हा," डॉक्टर म्हणाले.

पुन्हा शिट्टी. पुन्हा काही नाही. डॉक्टरांनी आवाज वाढवला. ते पाहून व्याह्यांनी वाढवला. मग डॉक्टरांनी खटका शेवटपर्यंत फिरवला. जेवणाची घंटा झाली, कोणी उठलं नाही. जेवायच्या आत आटपतो असं आपण म्हणालो होतो, हे डॉक्टरांना आठवलं, आणि जेवणाच्या खोलीतून येणाऱ्या चमच्यांच्या आवाजानं ते उगाचच चिडले.

"तुमचा हुक गंजलाय," ते म्हणाले.

"आमचे हुक गंजत नाहीत. तुमचाच झोपलाय. वळण लागतं ते घरचं."

"माझ्या घरच्या वळणाबद्दल तुम्ही बोलू नका!"

"शिट्टी वाजवू का?" तांडेलानं विचारलं.

दुपारनंतर पहिला तुकडा जहाजाला घासून गेला. आधी टक्, मग पोलादावरून कोणीतरी लांबलचक नख ओढावं तसा आवाज. मघाशी तळ्याएवढं दिसणारं काळं पाणी आता मैदानाएवढं राहिलं होतं. कप्तानबाईंनी जहाज जरा पुढे घेतलं, जरा मागे घेतलं, आणि त्या वरूनच खाली बघत राहिल्या. त्या ओरडत नव्हत्या, म्हणून जास्त भीती वाटत होती.

डॉक्टर मनातल्या मनात वाक्यं जुळवायला लागले. ताई, काय झालं माहितीये, समुद्रापुढे कोणाचं चालत नाही. हे बरं वाटेना. ताई, व्याह्यांच्या हुकानं घात केला. हे फार बरं वाटलं, पण ते खरं आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. आपला हुक तर ठीक असेल ना? या विचारानं त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

एवढ्यात कप्तानबाई फोन घेऊन खाली आल्या. उपग्रहाचा जाडजूड फोन. पलीकडे जावई होता. "बाबा, ती विचारतेय, चेंडू आला का?"

"येतोय, येतोय," डॉक्टर म्हणाले. "वाटेत आहे."

"वाटेत म्हणजे?" आता ताईचा आवाज आला. "हुक उघडला की अर्ध्या तासात वर येतो तो. वाटेत कुठं थांबतो? चहा प्यायला?"

व्याह्यांनी घसा खाकरला, दोन तुकड्यांत.

"पप्पा तिथंच आहेत का? बरं झालं. हाक कशी मारताय ते मला ऐकवा," ताई म्हणाली; सासऱ्यांना ती पप्पा म्हणे.

कप्तानबाईंनी फोन पेट्यांसमोर धरला. तांडेलानं शिट्टी वाजवली. दोन बोटं खाली गेली, दोन पेट्या एकाच वेळी किंचाळल्या.

फोनमधून ताईचा आवाज आला.

"तुम्ही दोघं एकदम बोलताय?"

"समान दर्जा आहे ना, बेटा," डॉक्टर म्हणाले.

"सकाळपासून?"

"सकाळी आधी जरा बिस्किटाचं..."

"बाबा, रविवारी जेवताना तुम्ही आणि पप्पा दोघं एकदम बोलायला लागता, तेव्हा मला काय ऐकू येतं माहितीये? काहीही नाही. मी नुसती मान हलवते. त्या बिचाऱ्या हुकांना मानसुद्धा हलवता येत नाही!"

हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं असं नाही. दोन आवाज पाण्यात एकमेकांत मिसळले की दोन्हींचा चिखल होतो, हे ते पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवत. पण त्या वर्गात व्याही नसत.

"एकेकानं बोला," ताई म्हणाली. "पप्पा आधी."

"ते का आधी?" डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं.

"बाबा!"

व्याह्यांनी कोट सरळ केला, खुर्ची पुढे ओढली आणि उगाचच हळू, एका बोटानं, बटण दाबलं. भोंगा एकटाच बोलला. आणि मग पेटीतून, अगदी खोलातून, कोणीतरी दाराची कडी काढावी तसं आलं. टिक. टिक. टिक.

"उघडला!" व्याही ओरडले. "आमचा उघडला! बघा, एका हाकेत!"

"आता बाबा," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी बटण दाबलं. पेटीवरचा हिरवा दिवा लाल झाला, दोनदा मिणमिणला आणि विझला. सकाळपासून आवाज शेवटपर्यंत चढवून कोकलल्यामुळे पेटीच्या बॅटरीत जीव उरला नव्हता.

"ताई, एक मिनिट हं," म्हणून डॉक्टर पेटीची चार्जिंगची वायर घेऊन डेकच्या दाराजवळच्या सॉकेटकडे धावले. सॉकेट कप्तानबाईंच्या देशाचं, त्याला तीन चपटी भोकं. डॉक्टरांचा प्लग स्वदेशी, त्याला दोन गोल पाय. त्यांनी प्लग उलटा करून पाहिला. उलटा केला तरी पाय गोलच राहिले.

"अडॅप्टर कोणाकडे आहे?" त्यांनी विचारलं.

"जहाजावर एकच आहे," तांडेल म्हणाला. "व्याहीबुवांच्या केबिनमध्ये. पाय शेकायची पिशवी लावतात त्यावर."

अडला हरी गाढवाचे पाय धरी, अशी म्हण आहे. इथं शेकलेले पाय धरायची वेळ होती. डॉक्टर उभे राहिले. मागे बर्फ जहाजाला सारखा घासत होता, आता दोन्ही बाजूंनी. मैदानाचं अंगण झालं होतं.

"व्याहीबुवा," ते म्हणाले. आवाज हळू होता. "अडॅप्टर द्या."

"मागताय की फर्मावताय?"

"मागतोय. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी." मग आणखी हळू, "फोटोत तुम्ही अर्धे आलात, त्यात चूक माझीच होती. फोटोवाल्याला मीच म्हटलं होतं, उजवीकडचं काप."

व्याह्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. मग वळले आणि त्या वयाचा माणूस ओल्या डेकवर धावू नये इतक्या जोरात केबिनकडे धावले. परत आले ते अडॅप्टर हातात आणि पाय शेकायची पिशवी वायरीला लोंबकळत. "पुढच्या फोटोत मी पूर्ण. बुटांसकट."

"बुटांसकट!"

प्लग बसला, हिरवा दिवा लागला. डॉक्टरांनी बटण दाबलं. जबाब आला नाही.

"इंजिनाचा आवाज वाढलाय, बर्फ रेटावा लागतोय," व्याही म्हणाले. "आपल्याला जवळचंच ऐकू येईना झालंय, त्याला खोलवर काय ऐकू येणार!"

डॉक्टरांनी कप्तानबाईंकडे पाहिलं. सकाळी हेच त्यांनी बिस्किट बुडवता बुडवता, पाय हलवत मागितलं होतं. आता मागायला तोंड उघडेना.

कप्तानबाईंनी एकदा बर्फाकडे पाहिलं, एकदा फोनकडे. "एकदाच," त्या म्हणाल्या. "जहाज बर्फाला टेकलं की मी इंजिन चालू करणार, मग तुमचा हुक उघडो नाहीतर न उघडो."

इंजिन थांबलं. अशी शांतता डॉक्टरांनी जन्मात ऐकली नव्हती. जहाज आपोआप, अगदी मऊपणे, बर्फाकडे सरकायला लागलं. त्यांनी बटण दाबलं. काही नाही. व्याह्यांनी त्यांच्या मनगटाखाली आपला हात धरला. पुन्हा दाबलं.

टिक. टिक. टिक.

आणि लगेच, जहाजाच्या कुशीला बर्फ टेकल्याचा जाड, ओला आवाज. इंजिन धडधडून जागं झालं.

मग तो अर्धा तास. चेंडू सुटला होता, पण वर येऊन तो उघड्या पाण्यात निघतो की बर्फाच्या छताखाली डोकं आपटून तिथंच राहतो, हे कोणाच्याच हातात नव्हतं. कप्तानबाई जहाज फिरवत राहिल्या, चमच्यानं वाटी ढवळावी तसं, पाणी मिटू नये म्हणून. दोघं व्याही कठड्याला धरून उभे होते.

"तिकडं!" तांडेल ओरडला.

अंगणाच्या पार कोपऱ्यात, बर्फाच्या कडेला अगदी चिकटून, पाण्यातून पिवळं काहीतरी उसळलं, पुन्हा बुडालं आणि डुलत वर राहिलं. डॉक्टर रडले. व्याही म्हणाले की वाऱ्यानं आपल्या डोळ्यांतून पाणी येतंय. तांडेलानं लांब काठीनं दोर अडकवला, चक्रीनं खेचला. चेंडू, दोर, यंत्रं, सगळं ठिबकत डेकवर आलं आणि शेवटचं यंत्र कठड्याच्या आत पडतं न पडतं तोच कप्तानबाईंनी जहाजाचं तोंड मोकळ्या समुद्राकडे वळवलं. मागे काळं पाणी मिटलं.

"आला!" दोघं फोनमध्ये एकदम ओरडले. या वेळी पलीकडे ऐकू गेलं.

"आकडे सगळे त्या नळकांड्यात आहेत," ताई हसत आणि रडत म्हणाली. "हातभर लांबीचं, राखाडी. ते तेवढं सांभाळा. बाकी सगळं फेकून दिलंत तरी चालेल."

डॉक्टरांनी दोरावरून नळकांडं सोडवलं, रुमालानं पुसलं. चांगलंच जड होतं. त्याच्या टोकाचा बारका दिवा अजून लुकलुकत होता.

"फोटो," व्याह्यांनी आठवण केली.

दोघं नळकांडं धरून उभे राहिले. तांडेलानं कॅमेरा डोळ्याला लावला. "बूट येत नाहीत. जरा मागं सरका." ते सरकले. "अजून जरा." कठडा पाठीला लागला. "आता आले. पूर्ण आले."

"तुम्ही धरा," डॉक्टर म्हणाले. आज पहिल्यांदाच त्यांचं मन मोठं झालं होतं. "तुमच्या सुनेचं आहे."

"छे छे, तुम्हीच धरा," व्याही म्हणाले. "तुमच्या लेकीचं आहे."

"नाही नाही, मान तुमचा."

"तुमचा, डॉक्टर. मनापासून सांगतो."

आणि दोघांनी ते एकदम सोडलं.

फोटो चांगला आला. दोघंही पूर्ण आले आहेत, बुटांसकट, हात रिकामे, आणि दोघंही खाली बघत आहेत. नळकांडं कठड्याच्या फटीतून समुद्रात पडलं. ते तरंगत नाही. त्यातलं यंत्र चालू होतं, आणि तळाशी जाईपर्यंत त्यानं पाण्याचं तापमान बरोबर नोंदवलं.